पाणलोट, नदी, जंगल आणि ग्रामसभा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या गावांमध्ये पाणी, जंगल आणि जैवविविधतेचे काम करणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण तिथेच गावे अडतात.

नियोजन गावाच्या हद्दीचे करायचे की नदीच्या खोऱ्याचे?

दोन्हीचे, पण सुरुवात पाण्याच्या हद्दीपासून करावी. गावाची शीव महसुली नकाशावर असते. पाऊस ती पाळत नाही. वरच्या गावाच्या डोंगरावर झाडोरा उरला नाही की गाळ खालच्या गावाच्या तळ्यात येतो. वरच्या गावाने ओढा पूर्ण अडवला की खालच्या गावाच्या विहिरी जानेवारीतच तळ गाठतात.

राज्याची विभागणी पाच मोठ्या खोऱ्यांत होते: गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा आणि कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्या. क्षेत्राचा जवळपास निम्मा भाग एकट्या गोदावरीच्या खोऱ्यात येतो. त्याखाली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रे, म्हणजे ज्यांचे पाणी एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळते असे प्रदेश, आखली आहेत. तुमचे गाव कोणत्या पाणलोटात येते, तुमच्या वर आणि खाली कोणती गावे आहेत, हे त्या यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून समजते. नकाशाची एक मोठी प्रत काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

अडचण अशी की निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार खोऱ्याला नाही, ग्रामसभेला आहे. शिवाय एकाच ओढ्यावर अनेक खाती असतात. माथ्यावर वन विभाग, उतारावरच्या शेतात कृषी विभाग, ६०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेच्या कामांसाठी मृद व जलसंधारण विभाग, त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी जलसंपदा विभाग, गायरान आणि वाळूसाठी महसूल. या सगळ्यांच्या आराखड्यात ओढ्याचे तुकडे पडतात. तो सलग पाहणारे, त्याच्या काठाने चालणारे लोक गावातच असतात. स्थानिक सहभागाची गरज इथून सुरू होते. खात्यांनी दाखवलेला तो मोठेपणा नव्हे.

‘माथा ते पायथा’ म्हणतात ते नेमके काय? त्यापेक्षा जेसीबी लावून ओढा खोल केला तर लवकर पाणी दिसत नाही का?

पाणी लवकर दिसते, हे खरे. म्हणूनच खोलीकरण लोकप्रिय झाले. पण दिसणारे पाणी आणि मुरलेले पाणी वेगवेगळे.

राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ साठत नाही. ते साठते वरच्या मुरुमात, भेगांमध्ये आणि सच्छिद्र थरांत. ओढ्याचे पात्र मुरूम फोडून पाषाणापर्यंत खणले की हा साठवणीचा थरच उघडा पडतो. आजूबाजूच्या विहिरींचे पाणी त्या चरात उतरते आणि उन्हाने उडून जाते. सोबत पात्रातली वाळू, काठावरची करंज-उंबर-वाळुंजाची झाडे आणि माशांचे डोहही जातात. वरच्या उतारावर काहीच केलेले नसेल, तर पहिल्या एक-दोन मोठ्या पावसांत तो खड्डा गाळाने भरायला लागतो.

माथ्यापासून सुरुवात करायची म्हणजे आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, गवत आणि झुडपे. मग घळींमध्ये अनघड दगडी बांध. त्याखाली शेतात बांधबंदिस्ती. ओढ्याला लागल्यावर गॅबियन (तारेच्या जाळीत बसवलेले दगडी बांध), माती नालाबांध, आणि सर्वांत शेवटी सिमेंटचे बंधारे. धावणारे पाणी चालायला लागले पाहिजे आणि चालणारे थांबले पाहिजे, हा क्रमाचा हेतू. गाळाने भरलेल्या जुन्या बंधाऱ्यातला गाळ काढणे वेगळे आणि नैसर्गिक पात्र फोडणे वेगळे. पहिले जरूर करा. दुसऱ्याला भूजल यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने जागेवर येऊन होकार दिल्याशिवाय हात लावू नका.

आमच्याकडे सगळे बंधारे झाले. तरी उन्हाळ्यात टँकर येतो. असे का?

कारण अडवलेल्या पाण्याचे वाटप ठरलेले नाही. एक ढोबळ हिशेब करून पाहा. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र १००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर ५० लाख घनमीटर पाणी पडते. आकडा मोठा वाटतो. पण बरेचसे पिके, गवत आणि झाडे वापरतात, काही उडून जाते, काही वाहून जाते. बेसॉल्टमध्ये खोल मुरणारा वाटा साधारण १० टक्क्यांच्या आगेमागे असतो, म्हणजे ५ लाख घनमीटर. २००० वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटरने वर्षभर पिण्या-वापरायला ४० हजार घनमीटर पुरते. आणि उसाला पाटपाण्याने हेक्टरी साधारण २० हजार घनमीटर लागते. म्हणजे २५ हेक्टर ऊस त्या गावाचे सगळे मुरलेले पाणी संपवू शकतो.

हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडणे म्हणजे पाण्याचा ताळेबंद. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केले. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तिथे पाणलोटाची कामे झाली, ती अनेकांना ठाऊक आहेत. त्याहून अवघड गोष्ट लोक कमी सांगतात: शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस आणि केळीसारखी जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत, आणि पावसाळा संपला की उपलब्ध पाणी मोजून रब्बीचे क्षेत्र ठरवायचे, असे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले आणि पाळले. बंधारा पैशातून होतो. हा नियम पाळायला शेजाऱ्याशी वाईटपणा घ्यायची तयारी लागते.

कायद्याचा थोडा आधारही आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ प्रमाणे ६० मीटरपेक्षा खोल विहीर ‘खोल विहीर’ मानली जाते, आणि अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर बंधन येऊ शकते. पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूदही त्याच कायद्यात आहे. मात्र गावानेच ठरवले नाही तर रात्रीतून होणारे बोअर कोणताही कायदा थांबवत नाही.

जैवविविधता व्यवस्थापन समिती आमच्या गावात आहे का?

बहुधा आहे. कदाचित सदस्यांनाही माहीत नसेल. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने ही समिती नेमायची असते: ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, सगळ्यांनी. तालुका आणि जिल्हा पातळीवरही समिती असू शकते, हे लक्षात ठेवा. एकापेक्षा जास्त गावांचा प्रश्न असेल तेव्हा तिचा उपयोग होतो. राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपूरला आहे.

ग्रामसेवकाकडे दोन कागद मागा: समिती स्थापनेचा ठराव आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीच्या लोकांच्या माहितीची वही.

नोंदवही सापडली, पण ती वाचून आमचेच गाव वाटत नाही. काय करायचे?

ही तक्रार फार ठिकाणी आहे आणि तिचे कारण आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने देशभरातल्या समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती. ती चुकली तर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरावे लागणार होते. घाई झाली. पुष्कळ नोंदवह्या बाहेरच्या यंत्रणांनी काही दिवसांत भरल्या. शेजारच्या दोन गावांच्या वह्यांत त्याच वनस्पती, त्याच क्रमाने दिसतात.

नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवायची वस्तू नाही. ती सुधारता येते, वाढवता येते, आणि ते काम समितीचेच आहे. चार ऋतूंत चार वेळा शिवारफेरी काढा. फेरीत गुराखी, वैदू, भोई किंवा ढिवर, रानभाजी आणणाऱ्या बाया आणि शाळेची मुले हवीत. पदाधिकारी नसले तरी चालतील. विचारायचे प्रश्न साधे आहेत. पहिल्या पावसानंतर शेवळे कुठे येतात? करटुलीचे वेल पूर्वीइतके आहेत का? कोणता डोह कधीच आटत नाही? वलगणीचे मासे (पहिल्या पुरात अंडी घालायला वर येणारे) अजून चढतात का, कोणत्या ओढ्याने? गिधाड शेवटचे कधी पाहिले? भाताची, ज्वारीची कोणती जुनी वाणे कोणाच्या घरात आहेत? उत्तरासोबत जागा, महिना आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहा.

ओढ्यांची, तळ्यांची, माळांची पाने वेगवेगळी ठेवा. आक्रमक परक्या जातींना एक पान द्या: घाणेरी, रानमोडी, गाजर गवत, वेडी बाभूळ, जलपर्णी, तिलापिया. त्या कुठून सुरू झाल्या आणि कुठवर पोचल्या, हे दरवर्षी नकाशावर खुणावले तर तीन वर्षांत कामाची दिशा आपोआप दिसते.

एक सावधगिरी. वैदूने सांगितलेले औषध उघड्या नोंदीत सविस्तर लिहू नका. त्याची इच्छा नसेल तर ते गोपनीय ठेवता येते. दुर्मीळ ऑर्किड किंवा घरट्याची नेमकी जागाही सार्वजनिक करू नये.

व्यापारी आमच्या रानातून हिरडा, बेहडा, मुसळी नेतात. गावाला काही मिळू शकते?

हो. जैवविविधता कायद्याच्या कलम ४१(३) प्रमाणे आपल्या क्षेत्रातून व्यापारी कारणासाठी जैविक साधने नेणाऱ्यांवर समिती संकलन शुल्क लावू शकते. ते पैसे स्थानिक जैवविविधता निधीत जमा होतात. भारतीय कंपन्यांनाही लाभाचा वाटा द्यावा लागतो, हे उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात स्पष्ट केले. २०२३ च्या दुरुस्तीने आयुष वैद्य आणि संहितेत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला सवलती दिल्या. माझ्या मते त्याने गावांची बाजू कमकुवत झाली आहे. तरी समितीचा शुल्काचा अधिकार वापरायला हवा, आणि त्यासाठी कोणती वस्तू किती जाते याची नोंद आधी पाहिजे.

जंगल वन खात्याचे आहे. त्यात गाव काय ठरवणार?

पुष्कळ. संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समितीत गाव खात्याचे भागीदार असते. सूत्रे खात्याकडे राहतात. वनहक्क कायदा २००६ ची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या कलम ३(१)(झ) मध्ये गावाने परंपरेने राखलेले वन सांभाळण्याचा, पुन्हा उभे करण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आहे. कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, जैवविविधता आणि पाणलोट राखण्याचा अधिकार देते. नदीचा उगम जंगलात असेल तर खोऱ्याच्या माथ्याचा कायदेशीर धागा ग्रामसभेच्या हाती येतो तो इथे.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या पहिल्या दाव्यांपैकी तो एक. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गावाची. पण दावा मंजूर झाल्यावरही बांबूवरून दोन वर्षे अडले, कारण भारतीय वन कायद्यात बांबू तेव्हा ‘झाड’ होता आणि वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज आहे. एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यामागे देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातल्या अभ्यासगटाचे कित्येक वर्षांचे बसून बोलणे होते. मेंढा-लेखात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. वेळ लागतो, पण घेतलेला निर्णय मोडणारा गट मागे उरत नाही.

दावा करायला काय लागते?

फी लागत नाही. ग्रामसभेने १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची. त्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात. पाडा किंवा टोला स्वतःची ग्रामसभा घेऊ शकतो, आणि घ्यावी, कारण गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला लागतात. मोठ्या ग्रामपंचायतीत हे जमत नाही.

पुरावे दोन तरी जोडा. निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची सरकारी नोंद), जुने नकाशे, गॅझेटियर चालते. देवस्थाने, पाणवठे, गुरांचे रस्ते, मसणवट यांच्या खुणाही चालतात, आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. हद्दीची पाहणी शेजारच्या गावांना बोलावून करा, पुढची भांडणे तिथेच मिटतात. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. फेटाळला तर कारण लेखी मागा. महाराष्ट्रात मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनुसार अनुसूचित क्षेत्रात विभागीय समितीकडे अपील करता येते.

हक्क मिळाला. आता लगेच काय करावे?

काय तोडायचे नाही, ते आधी ठरवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १००० हेक्टरवर हक्क मिळाला. बांबूतून उत्पन्न सुरू झाले, आणि त्याच गावाने तेंदूपान तोडणे थांबवले. तेंदूची कोवळी पाने मिळावीत म्हणून झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि जंगलाचे नुकसान होते, हे त्यांनी पाहिले होते. जंगलाचा एक भाग त्यांनी देवराईसारखा पूर्ण राखीव ठेवला. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने उजाड मिळालेल्या वनजमिनीवर झाडोरा पुन्हा आणला आणि तिथल्या सीताफळांची एकत्र विक्री केली.

जवळच्या गावांचे जंगल आणि नियम एकमेकांना पूरक नसतील तर आग आणि चोरटी तोड हद्द ओलांडून येतेच.

कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करावी का?

कुऱ्हाडबंदी सरपणाची सोय करूनच करा, नाहीतर तिचा भार बायकांच्या डोक्यावर पडतो आणि त्या आणखी लांब चालतात. चराईबंदीबद्दल मी जास्त जपून बोलेन. उतारावर गवत परत आणायला काही वर्षे चराई थांबवावी लागते, आणि नंतर कापून नेलेल्या गवतावर दूधदुभते वाढते, हा अनेक गावांचा अनुभव आहे. पण त्या बंदीत शेळ्या-मेंढ्यांवर जगणारा भूमिहीन आणि दरवर्षी येणारा धनगर यांचे काय, हे ग्रामसभेत बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. ते तिथे बसलेलेच नसतात. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क आहे. म्हणून कुरण भागांत वाटा, एक बंद ठेवा, दुसरा उघडा ठेवा, दोन-तीन वर्षांनी अदलाबदल करा. आणि निर्णयाच्या बैठकीला मेंढपाळांच्या वाड्याला निरोप पाठवा.

माळ मोकळा पडला आहे. झाडे लावू का?

आधी तो खरोखर उजाड आहे की गवताळ माळ आहे, ते पाहा. सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल यांचे घर हाच माळ आहे. सरकारी दप्तरात तो ‘पडीक’ असतो, म्हणून तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावले जाते. तसे करू नका. पवन्या, मारवेल यांसारखी गवते वाढू द्या, बी पडल्यावर कापा. गायरानावर अतिक्रमण असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा जगपाल सिंग प्रकरणातला, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढायला सांगणारा निकाल ग्रामसभेत वाचून दाखवा.

तळ्यातले मासे कमी झाले. बाहेरून बीज आणून सोडले तर?

भंडारा-गोंदियाकडची कहाणी इथे उपयोगी पडते. तिथे कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेली हजारो तळी आहेत. अनेक तळ्यांत बेशरम ही परकी वनस्पती माजली, काठ उघडे पडले, आणि पाण्याखालच्या वनस्पती नाहीशा झाल्या. मासे तिथेच अंडी घालतात, तिथेच पिल्ले वाढतात. मोठ्या होणाऱ्या परक्या माशांचे बीज सोडून काही वर्षे उत्पादन दिसले, पण स्थानिक मासे हटत गेले. मग भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत ढिवर समाजातल्या लोकांनी, विशेषतः महिलांनी, बेशरम उपटली, तळ्याचा तळ तयार केला आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे त्यांनाच माहीत होते. मासे परतले, पक्षी आले. गोंदियातल्या सारसांनाही अशीच तळी आणि धानाचे बांध लागतात. राज्यात सारस आता मुख्यतः तिथेच उरले आहेत, आणि धानाच्या बांधीतले (खाचरातले) घरटे राखणारा शेतकरी नसेल तर तेही टिकणार नाहीत.

म्हणून बीज आणण्याआधी पाणवनस्पती पाहा.

आणि नदीतले मासे?

डोह राखा. महाड तालुक्यात वाळण कोंड येथे देवाचे म्हणून डोहातले महासीर कोणी मारत नाही. तुमच्या नदीवर असा एक डोह ग्रामसभेच्या ठरावाने राखता येतो. वलगणीच्या दिवसांत अंड्यांनी भरलेले मासे न पकडण्याचा, आणि जिलेटीन, ब्लीचिंग पावडर, विजेचा झटका यांवर पूर्ण बंदीचा ठराव सोबत घ्या. भोई-ढिवरांना आधी विचारा. त्यांची रोजी त्या नदीवर आहे आणि ठराव टिकवणारेही तेच असतात.

गावे एकत्र आणायची कशी? आमचे शेजारच्या गावाशी जमत नाही.

सगळ्यात मोठे काम हेच आहे आणि त्याला तयार योजना नाही. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. तेंदूची विक्री एकत्र केल्याने व्यापाऱ्याला गावागावांत फूट पाडता येईना, आणि महिलांच्या संघटना आधीपासून असल्यामुळे महिला प्रतिनिधी नावापुरत्या राहिल्या नाहीत. राजस्थानात अरवरी नदीकाठच्या सत्तरहून अधिक गावांनी १९९९ मध्ये ‘अरवरी संसद’ स्थापन करून नदीतून पाणी कोणी किती घ्यायचे याचे नियम केले.

पाहा, दोन्हीकडे लोक एका ठोस गोष्टीसाठी जमले: विक्रीचा भाव, नदीचे पाणी. ‘संवर्धन करू या’ म्हणून बैठक बोलावली तर दुसऱ्या वेळी कोणी येत नाही. वणवा, डुकरांचा त्रास, आटलेला ओढा, यातले जे दोन्ही गावांना टोचते त्यावर पहिली बैठक ठेवा. ती वरच्या गावात घ्या, कारण माथ्याचे काम त्यांना करायचे आहे आणि पाणी मिळणार आहे खालच्यांना. खालच्या गावांनी श्रमदानाला वर जाणे हा त्यावरचा सर्वांत चांगला उतारा आहे.

महिला ग्रामसभेत बोलत नाहीत.

ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती खरोखर घ्या, तिचा ठराव लिहा आणि मुख्य सभेत तोच विषय पहिला ठेवा. सभेची वेळ संध्याकाळच्या स्वयंपाकाची नको.

पैसे कुठून येतील?

चर, बांध, रोपवाटिका यांची मजुरी रोजगार हमीतून निघते. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि तो वनसंवर्धनाला वापरता येतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी आराखडा जिल्ह्याच्या अभिसरण समितीपुढे (वेगवेगळ्या योजनांचा निधी एकत्र आणणारी समिती) ठेवावा. जैवविविधता निधी सहसा छोटा असतो. गावाचे स्वतःचे उत्पन्न, बांबू, सीताफळ, मासे यांतून थोडे बाजूला काढलेले असेल तर अनुदान थांबल्यावरही राखणदाराचा पगार थांबत नाही.

काम बरोबर चालले आहे हे कसे ओळखावे?

किती खड्डे खणले, किती रोपे लावली हे मोजू नका. दर महिन्याच्या एकाच तारखेला ठरलेल्या पाच-सहा विहिरींची पातळी मोजा. ओढा कोणत्या तारखेला वाहायचा थांबला ते लिहा. एकाच जागेवरून एकाच महिन्यात डोंगराचा फोटो काढा. मुलांकडून वर्षातून दोनदा पक्षी मोजून घ्या. ही वही शाळेत ठेवा आणि ताळेबंदाच्या ग्रामसभेत आणा.

आमची देवराई ‘जैवविविधता वारसास्थळ’ झाली तर आमचे हक्क जातील का?

नाही. जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी चर्चा करून वारसास्थळ जाहीर करते. स्थानिकांच्या चालत आलेल्या वापरावर त्यांनी स्वतः मान्य केल्याशिवाय नवे निर्बंध येत नाहीत. सिंधुदुर्गातल्या बांबर्डे येथील जायफळ वर्गातल्या रानटी झाडांची दलदल आणि आंबोलीतला हिरण्यकेशीचा उगम ही दोन्ही स्थळे २०२१ मध्ये जाहीर झाली. हिरण्यकेशीच्या कुंडात माशाची नवी जात सापडली होती. प्रस्ताव समितीने ग्रामसभेच्या ठरावासह राज्य मंडळाकडे पाठवायचा असतो. ठरावात गावाचे सध्याचे सगळे वापर, जत्रा, पाणी, वाळके लाकूड, औषधी, एकेक करून लिहून घ्या.